वीस किलो कशाचे, दिल्या?

दिल्या, तुझा बॅनर लागलाय.

तुमच्या सोसायटीच्या तोंडाशी, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, जिथे आधी कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा होता तिथेच. बांबूही तेच. आकार विचारू नकोस, तेवढ्या कापडात अर्ध्या डोंबिवलीचे पडदे शिवून झाले असते. फोटो मिसळवाल्याकडचा, तोंडात पाव असतानाचा. पाव कापून काढलाय, त्यामुळे तू जमलेल्या लोकांना फुंकर घालतोयस असं दिसतं. मागे तुझी निळी गाडी, आणि गाडीच्या मागे, देव जाणे कशासाठी, बर्फाचे डोंगर. इथवर मी सहन केलं. माणूस गेला की लोक त्याचं काहीही करतात, आणि तो काही बोलायला येत नाही हे त्यांना माहीत असतं. पण खाली सोनेरी अक्षरात लिहिलंय, 'ज्यांच्या हृदयात पाचशे किलोचा टॉर्क होता, असे आमचे लाडके मार्गदर्शक.'

पाचशे किलोचा टॉर्क. तुझ्या नावाखाली.

तू गेलास त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. ते आत कुठेतरी साचून राहिलेलं, बस. बॅनर वाचला आणि ते सुटलं. मात्र रडू म्हणून नाही, शिवी म्हणून. ती मी एवढ्या जोरात हासडली की ट्रान्सफॉर्मरवरचे कावळे कल्याणला जाऊन बसले. तुझ्या पिंडाला नंतर कावळा शिवायला उशीर झाला तो त्याचमुळे, असं माझं ठाम मत आहे.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, सेवानिवृत्ती वगैरे मी इथे लिहिणार नाही. ते वाचून कुणालाही तू कोण होतास हे कळणार नाही. तू कोण होतास हे नौपाड्यातल्या त्या टायरवाल्याला विचारावं. त्याच्या दुकानासमोर मी माझी नवीकोरी डिझेल गाडी उभी करून चार लोकांना सांगत होतो, "टॉर्क बघा हिचा. वीस किलो!" आणि मागून आवाज आला, "वीस किलो कशाचे? कांद्याचे?"

मी वळून बघितलं. सायकलच्या स्पोकला शर्ट घातल्यासारखा एक माणूस. खिशात पेन, हातात दुधाची पिशवी, आणि चेहऱ्यावर असा भाव की मी त्याच्या घरात बूट घालून शिरलोय.

"अहो, टॉर्क. वीस किलो. सगळे म्हणतात," मी म्हटलं.

"सगळे खड्ड्यात जातात म्हणून तुम्हीही जाणार? किलो हे वस्तुमान. वस्तूत माल किती, ते. ती ढकलायला, उचलायला जो जोर लागतो ते बल, त्याचा न्यूटन. आणि तो जोर पान्याच्या टोकाला लावून नट पिळलात की टॉर्क. जोर गुणिले अंतर. न्यूटन-मीटर. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही तिन्ही एका पिशवीत कोंबता आणि वर गाठ मारता किलोची."

"पण कळतं ना लोकांना? मग कुणाचं काय बिघडतं?"

हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा म्हटलं. त्यावर तू जे भाषण दिलंस त्याने गोखले रोड तुंबला. रिक्षावाले थांबून ऐकत होते, मीटर चालू ठेवून. तुझ्या पिशवीतल्या दुधाचं दही लागलं. टायरवाल्याने दिवे घालवले, शटर ओढलं, आणि आपण दोघं त्या अंधाऱ्या पायरीवर भांडत राहिलो. त्या दिवशी आपण 'अहो'वर होतो. पुढच्या रविवारी 'अरे'वर आलो. महिन्याभरात तू मला 'पम्या गाढवा' म्हणायला लागलास. आमच्या घरात मला प्रमोद हे पूर्ण नाव सोडून कुणी कधी हाक मारली नव्हती. गाढव तर नाहीच. बरं वाटलं रे.

मग रविवारचा आपला अड्डा. शिळफाट्याच्या अलीकडे, मिसळवाल्यासमोरच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी गाड्या लावायच्या, बॉनेट उघडायची आणि आत डोकं घालून अडाण्यासारखं बोलायचं. कळव्याचा हरेश यायचा. आजोबांच्या काळी त्याच्या घरची मिठागरं होती, आता त्याच्याकडे अशी गाडी आहे की आत चढायला शिडी लागते आणि उतरायला लिफ्ट. मनाने लोण्याचा. "दिलीपकाका, माज्या गाडीचा टॉर्क पाचशे किलो हाय, पाचशे!" तो आल्या आल्या ओरडायचा, आणि तू हातातली मिसळ खाली ठेवायचास. आणि तो केतन. इंजिनियर. म्हणजे पोराने चार वर्षं हेच शिकायला घालवलीत. तो गाड्यांचे व्हिडिओ करतो, हजारो लोक बघतात, आणि त्या हजारो लोकांना तो प्रत्येक वेळी हसतमुखाने सांगतो, "दोनशे पन्नास न्यूटन पर मीटर!"

"पर नाही रे!" तू किंचाळायचास. "भागायचं नाहीये, गुणायचंय! पर मीटर म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा झाला! तू गाडीचं इंजिन सांगतोयस की गादी?"

"सर, फ्लोमध्ये होतं तसं," केतन म्हणायचा.

फ्लोमध्ये. मला या शब्दाची तेव्हापासून ओकारी येते. हा देशच फ्लोमध्ये आहे, दिल्या. मोबाइलवर जिथे बघावं तिथे कुणीतरी टोपी उलटी घालून, गाडीच्या टपावर हात मारत काहीतरी एकक फेकतोय. एक जण इंग्रजीत 'एनएम' लिहिताना मोठा एन लहान काढतो आणि टॉर्क नॅनोमीटरमध्ये जातो. दुसरा म्हणतो गाडीचं वजन बाराशे न्यूटन, म्हणजे ती गाडी दोन माणसांनी उचलून जिन्याने गच्चीवर न्यावी. आणि खाली हजार लोक टाळ्या वाजवतात. तुला याचा त्रास व्हायचा तेव्हा मी हसायचो. आता तू नाहीस, तर तो त्रास वारसाहक्काने माझ्याकडे आलाय. तुझ्याकडून काही मागितलं नव्हतं मी. हे कशाला ठेवून गेलास?

बादलीचा रविवार आठवतो? तू मिसळवाल्याची पाण्याने अर्धी भरलेली बादली घेतलीस आणि एकेकाला धरायला लावलीस. आधी हात अंगाशी. सगळ्यांना जमलं. मग म्हणालास, "आता तीच बादली, हात समोर लांब करून. पाणी वाढवलेलं नाही. पृथ्वी बदललेली नाही. बदललंय फक्त खांद्यापासूनचं अंतर." हरेश, जो एका हाताने म्हैस अडवतो, तो लगेच थरथरायला लागला. केतनने बादली स्वतःच्या बुटांवर ओतली. मी मात्र धरून ठेवली. किती वेळ ते सांगत नाही, पण धरली तेव्हा मिसळवाल्याची मुलगी शाळेत होती आणि सोडली तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी चाललेली.

"दुखतंय?" तू विचारलंस.

"बादली जड आहे," मी म्हटलं.

"बादली तेवढीच आहे, गाढवा! हात लांब आहे!"

"अर्धी बादली, सात किलो. सात किलोचा टॉर्क लागला," मी मुद्दाम म्हटलं, आणि तू रागाने रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलास, पाठ करून. घरून वहिनींचा फोन आला तेव्हा वळलास.

पण माझाही मुद्दा होता, दिल्या, आणि तो तू कधी नीट ऐकून घेतला नाहीस. जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत किलोग्रॅम-बल असायचं. एक किलोला पृथ्वी जेवढी ओढते तेवढा जोर. मीटरभराच्या पान्याला तो लावला की किलो-मीटरचा टॉर्क. जपान्यांनी वापरलं, आपल्या गॅरेजवाल्यांनी वापरलं. तेच लोकांच्या तोंडात घासून घासून किलो झालं. माणसाला किलो कळतो, न्यूटन त्याने कधी हातात धरलेला नसतो. हे मी बोललो की तू म्हणायचास, "मग बल म्हण. मीटर म्हण. अर्धं एकक गिळतोस आणि वर ढेकर देतोस." आणि मी म्हणायचो, "कुणाचं काय बिघडतं?" तिथे भांडण अडायचं. इतकी वर्षं तिथेच अडलं. तुला सिद्ध करता आलं नाही की बिघडतं, आणि मला सिद्ध करता आलं नाही की बिघडत नाही. आपली मैत्री त्या अडलेल्या जागेवर उभी होती, रे. सुटलं असतं तर रविवारी भेटून बोललो काय असतो? हवापाण्यावर?

मग तुझं ते हॉस्पिटल. पांढऱ्या चादरीखाली तू एवढासा. नर्स काट्यावर उभं करून गेली आणि मी, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हटलं, "वजन कमी झालं रे तुझं बरंच."

तू डोळे मिटून पडलेलास. मला वाटलं झोपलास. मग ओठ हलले. "वजन नको म्हणूस, पम्या. वजन चंद्रावर गेलं तरी कमी होतं. पृथ्वी होती तेवढीच आहे. मीच कमी झालोय."

यावर मला काही बोलायचं होतं. मी बोललो, "सफरचंद कापू का?" एवढंच. आजही ते सफरचंद माझ्या तोंडात फिरतंय, गिळलं जात नाही.

आता अस्थींच्या दिवसाचं सांगतो, कारण तू तिथे होतास आणि नव्हतासही.

वहिनींनी एकच गोष्ट धरून ठेवली होती. तुझ्या अस्थी खडवलीला न्यायच्या त्या तुझ्याच गाडीतून. नदीवर तू रविवारी संध्याकाळी त्यांना न्यायचास, खडकावर बसून दोघं भुईमुगाच्या शेंगा खायचात, तिथेच. "आधी ॲम्ब्युलन्समधून नेलं, मग त्या काळ्या गाडीतून," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळेला मागे आडवे. आता पुढच्या सीटवर बसून जातील."

पण गाडी तुझ्या आजारपणात कव्हरखाली बसून होती आणि टायर मेलेले. केतन पुढे झाला. "काका, मी बसवतो नवे टायर. सरांसाठी मला काहीतरी करायचंय." डोळ्यात पाणी होतं त्याच्या, खोटं नाही सांगत. सकाळी तो तुमच्या पार्किंगमध्ये आला, तुझी लाल पेटी उघडली आणि तुझा तो लाडका टॉर्क रेंच काढला, ठरवलेला टॉर्क आला की 'टक' करणारा पाना.

त्याच वेळी हरेश तुझा अस्थिकलश घेऊन आला. घरात नेत नाहीत म्हणून लाल कापडात बांधलेलं ते मडकं त्याने पार्किंगमधल्या बदामाच्या फांदीला बांधलं. अगदी टोकाला. वहिनी गॅलरीतून बघत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "टोकाला नको रे हरेश, खोडाजवळ बांध. वजन तेवढंच राहील, पण टोकाला फांदीला झेपत नाही." वेड्यासारखा बघत राहिलो मी. तू आम्हा बैलांना इतके रविवार जे शिकवलंस ते त्या घरात सांडशी धरता धरता शिकून बसलेल्या. हरेशने मुकाट्याने मडकं खोडाशी आणलं. फांदी वर आली.

म्हणजे तू तिथेच होतास, केतनच्या डोक्यावर लटकत. बघत होतास ना? मग ओरडला का नाहीस?

तुझ्या रेंचवर आकड्यांच्या दोन रांगा आहेत. एक न्यूटन-मीटरची, दुसरी फूट-पाउंडची. फूट-पाउंडवर तू काळी चिकटपट्टी लावून ठेवलेलीस, कुणा गाढवाची नजर चुकून तिथे जाऊ नये म्हणून. केतनने ती पट्टी सोलून काढली. का? तर व्हिडिओत रेंच स्वच्छ दिसावा म्हणून. मोबाइल बॉनेटवर टेकवलेला, वर 'सरांना श्रद्धांजली' असं काहीतरी चाललेलं. तुझ्या चाकांना एकशे दहा न्यूटन-मीटर लागतात हे त्याला पाठ होतं, तू रट्टा मारून घेतलेलास. त्याने एकशे दहावर आणला. दुसऱ्या रांगेतल्या. ते झाले तुझे जवळपास दीडशे. वर नट सहज फिरावेत म्हणून आट्यांना तेल, म्हणजे नट हवा त्याहून जास्तच पिळला जाणार. आणि वर टक झाल्यावर खात्रीसाठी आणखी दोनदा टक. तीन चाकांनी हे निमूट सोसलं. चौथं मागचं डावं. मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा टक नाही ऐकू आलं.

टण!

नट, आणि त्यात अडकलेला स्टडचा, म्हणजे नट ज्यावर पिळतात त्या दांड्याचा, तुकडा, दोन्ही फरशीवर घरंगळत माझ्या चपलेपाशी आले. गाडीच्या एका चाकाला चारच स्टड, त्यातला एक गेला. तुझी गाडी दाताचं खिंडार घेऊन उभी राहिली.

"काका, मी एकशे दहालाच लावलेलं," केतन पांढराफटक पडून म्हणाला. "शप्पथ. बघा तुम्ही."

"एकशे दहा काय?"

"एकशे दहा... टॉर्क."

आणि माझ्या तोंडून, दिल्या, तुझा आवाज निघाला. त्याच पट्टीत, त्याच किळसेने. "एकशे दहा कशाचे रे? कांद्याचे?"

वहिनींनी गॅलरीचा कठडा धरला.

तेवढ्यात वहिनींचे थोरले भाऊ बोलले. अण्णा. सकाळपासून ते घड्याळाकडे असं बघत होते की घड्याळ लाजून पुढे पळेल. "अहो, गुरुजी नदीवर थांबलेत. हरेशच्या गाडीतून जाऊ."

"नाही," वहिनी वरून म्हणाल्या.

"मग हीच काढा. एक नट नसला तर नसला, तीन आहेत ना? कुणाचं काय बिघडतंय?"

माझं वाक्य. दुसऱ्याच्या तोंडात, शब्दाला शब्द. ऐकायला किती घाणेरडं वाटतं ते! इतकी वर्षं तू ते दर रविवारी मिसळीबरोबर गिळत होतास? आणि तरी पुढच्या रविवारी यायचास?

"बिघडतं, अण्णा," मी म्हटलं. "हे बघा काय बिघडलं ते." आणि तो तुटका स्टड त्यांच्या हातात ठेवला.

पुढचं हरेशने केलं. तो शिडीवरून त्याच्या गाडीत चढला आणि कुठल्यातरी गॅरेजमधून नवा स्टड आणि तो बसवणारा माणूस, दोन्ही एकत्र उचलून घेऊन आला. त्या माणसाच्या एका हातात अजून चहाचा ग्लास होता. स्टड बसला, बाकीचे तपासून झाले. गुरुजींचे फोनवर फोन. अण्णा येरझारा घालून फरशीला चर पाडत होते. मी चारही चाकांचे नट सैल करायला लावले, आट्यांवरचं तेल पुसायला लावलं. मग रेंच हातात घेतला, चष्मा लावला, बरोबर रांग शोधली. न्यूटन-मीटर.

टक.

तुझं असंच होतं ना? पटलं की 'हं' करायचास, एकदाच, आणि पुढे काही नाही. नटामागून नट मी ते 'हं' ऐकत गेलो. आयुष्यात माझ्या कुठल्या मुद्द्याला तू एवढ्या वेळा होकार दिला नव्हतास.

"काका, अजून एकदा करू? खात्रीला?" केतनने हळूच विचारलं.

"टक म्हणजे टक."

तो उकिडवा बसला. खिशातून ती सोललेली पट्टी काढली, धूळ झटकली आणि फूट-पाउंडच्या रांगेवर परत चिकटवून अंगठ्याने दाबत राहिला. माझा राग गेला नाही. जाणारही नाही. पण पट्टी त्याने सरळ चिकटवली हे नोंदवून ठेवतो.

तू पुढच्या सीटवर बसलास, पट्टा लावून. वहिनी मागे. गाडी मी चालवली. इतकी वर्षं तू मला तुझ्या स्टिअरिंगला बोट लावू दिलं नव्हतंस, कारण काय तर "जो टॉर्क किलोत मोजतो तो क्लच काय सोडणार!" क्लच मी लोण्यासारखा सोडला. तू काही बोलला नाहीस. सोसायटीच्या तोंडाशी हरेशने हात दाखवून थांबवलं आणि तो शिडीनेच बॅनरवर चढला. सकाळी मी त्याला झापलेलं तेव्हा म्हणालेला, "मना वाटला काका खूश होतील. आता बोला, काय लिवू?" आणि मगाशी स्टड आणायला गेलेला तेव्हा येता येता एक चिकटपट्टी छापून आणलेली, मोठ्ठी. ती त्याने किलोवर चिकटवली. आता तुझ्या हृदयात पाचशे न्यूटन-मीटरचा टॉर्क आहे. हृदयात टॉर्क असतो का, हा वाद तू वर जाऊन घाल. एकक बरोबर आहे.

कल्याण ओलांडलं, टिटवाळा मागे पडलं. वहिनी एकदाच बोलल्या, "चाकांचा आवाज नाही ना येत?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी सीटवरून हात पुढे केला आणि मडक्यावरचं कापड नीट केलं, तुझी कॉलर करायच्या तसं.

खडवलीला गुरुजी फुगून बसलेले. पाणी पायरीखाली सरकलेलं आणि शेवाळ असं की वहिनींना खाली उतरणं शक्य नव्हतं. त्या खडकावर थांबल्या, तुझ्याच. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही धरा. मी इथून फुलं टाकते." गुरुजी म्हणाले, "कलश पाण्यावर धरा, हात लांब करून. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही." आणि उशिराचा सगळा सूड मंत्रांवर काढत त्यांनी एकेक शब्द ताणायला सुरुवात केली.

मी हात लांब केला.

आधी काही नाही. मग कोपर. मग खांदा बोलायला लागला. हात बारीक थरथरायला लागला आणि त्यावर टाकलेली झेंडूची पाकळी नाचायला लागली. मागे हरेश आणि केतन उभे होते, दोघांनाही बादली आठवली असणार, कारण दोघांपैकी कुणी मी धरू का असं विचारलं नाही.

"जड होतंय का भावजी?" वहिनींनी खडकावरून विचारलं.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "दिल्या तेवढाच आहे. हात लांब आहे."

त्या हसल्या. मी वळून बघितलं नाही, पण मला ऐकू आलं.

तर घे, ऐक. मडक्यासकट तू दोन किलो. वस्तुमान. हे किलोत, हे तुला चालेल. पृथ्वी तुला खाली ओढतेय ते वीस न्यूटन. हे बल. माझा हात पाऊण मीटर धर, मी उंच माणूस आहे, वाद घालू नकोस. वीस गुणिले पाऊण. गुणिले, पर नाही. माझ्या खांद्यावर तुझा टॉर्क होता पंधरा न्यूटन-मीटर. सगळं मनात केलं, ओठ न हलवता, नाहीतर गुरुजींना वाटलं असतं मी वेगळाच मंत्र म्हणतोय. तपासून बघ. या वेळी अर्धं गिळलेलं नाही.

"सोडा," गुरुजी म्हणाले.

सोडलं. आणि माझा हात, इतका वेळ तुला तोलून धरलेला, ओझं गेल्याबरोबर आपोआप वर उडाला. मी उचलला नाही. पलीकडच्या काठावरच्या माणसांना वाटलं असेल, हा कुणालातरी अच्छा करतोय.